खेळलेल्या जर्सी

संग्रहाचा छंद आपणांस नवा नाहीं. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी थोरांच्या स्वाक्षऱ्या. परंतु दुसऱ्याच्या अंगावरचें, घामानें भिजलेलें, कोपराशीं फाटून पुन्हां शिवलेलें वस्त्र भरपूर पैसे मोजून विकत घ्यावें आणि तें न धुतां कपाटांत जपून ठेवावें, असाही एक छंद जगांत आहे, हें मला उतारवयांत कळलें. आणि तेंही माझ्या स्वतःच्या मुलाच्या घरीं.

मुलगा नोकरीनिमित्त कॅनडांत, टोरोंटो शहराजवळ राहतो. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतां एक हिंवाळा त्याच्याकडे काढावयास गेलों होतों. पोंचल्याच्या तिसऱ्या दिवशीं माझ्या पत्नीला एका कपाटांत लाल रंगाची एक जर्सी टांगलेली दिसली. बाहीवर काळे ओरखडे, पोटावर पिवळट डाग, गळ्याशीं शिवण उसवलेली. आपला मुलगा कपड्यांच्या बाबतींत लहानपणापासून आळशी, हें तिला ठाऊक. तिनें मुकाट्यानें जर्सी उचलली आणि धुण्याच्या यंत्राकडे नेली. मुलगा वरच्या मजल्यावरून ज्या वेगानें खालीं आला, त्या वेगानें तो शाळेला उशीर होत असतांनाही कधीं निघाला नव्हता. "आई, ती धुवूं नको! ते डागच तर मीं विकत घेतले आहेत!" या वाक्याचा अर्थ समजून घेण्यांत माझे पुढचे चार महिने गेले. त्यांतून जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम त्या खेळाविषयीं दोन शब्द. आपली हॉकी मैदानावरची, ही बर्फावरची. दोन्ही बाजूंचे सहा सहा खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक, पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूच्या ऐवजीं कठीण रबराची एक चकती. तिचा व्यास तीन इंच आणि जाडी एक इंच. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. खेळाडू खांद्यांवर आणि कोपरांवर जाड गाद्या बांधतो आणि त्या सर्वांवरून जर्सी घालतो. त्यामुळें खेळांतला प्रत्येक आघात प्रथम त्या जर्सीला सोसावा लागतो. चकतीचा काळा शिक्का, प्रतिपक्षाच्या काठीचा ओरखडा, कठड्यावर आदळल्यानें बसलेला रंग, धरपकडींत फाटलेली बाही, हें सर्व तिच्यावर उमटतें. कॅनडांतले जुने लोक अद्यापि तिला 'स्वेटर' म्हणतात, कारण एके काळीं ती खरोखरच लोंकरीची विणलेली असे. पुढें सुती धाग्याच्या जर्सी आल्या, आणि त्यानंतर कृत्रिम धाग्याच्या जाळीदार कापडाच्या. हें जाळीदार कापड आपण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

आतां कोणी विचारील, कीं क्लबांच्याही जर्सी असतात, मग राष्ट्रीय संघांच्याच जर्सींचें एवढें अप्रूप कां? मीं हाच प्रश्न मुलास केला. त्यानें हिशेब सांगितला. उत्तर अमेरिकेंतील मोठ्या साखळी स्पर्धेंत एकेक क्लब एका हंगामांत ऐंशींहून अधिक सामने खेळतो. त्याच्या जर्सी पुष्कळ निघतात. राष्ट्रीय संघ मात्र एखाद्या स्पर्धेपुरता एकत्र येतो, दोन आठवड्यांत सात-आठ सामने खेळतो आणि पांगतो. एका खेळाडूमागें एक पांढरी, एक गडद, क्वचित् आणखी एखादी, एवढ्याच जर्सी त्या स्पर्धेच्या. त्यांतली एखादी खेळाडू आईला देतो, एखादी प्रतिपक्षाच्या खेळाडूशीं बदलतो, आणि एखादी संघाच्या सामानांतून कोठें जाते तें देवास ठाऊक. आतां कांहीं देशांच्या हॉकी संस्था स्वतःच स्पर्धेनंतर जर्सींचा लिलाव करून तो पैसा मुलांच्या खेळाला लावतात. ही सोय चांगली. पूर्वीं ती नव्हती.

अशा जर्सींत सर्वांत प्रसिद्ध ती पॉल हेंडरसन याची. १९७२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत कॅनडा आणि सोव्हिएट संघ यांच्यामध्यें आठ सामन्यांची मालिका झाली. चार सामने कॅनडांत आणि चार मॉस्कोंत. हा खेळ आपला, अशी कॅनडाची समजूत. आणि मॉन्ट्रियलच्या पहिल्याच सामन्यांत रशियनांनीं त्यांना ७-३ असें हरविलें! सात सामन्यांनंतर दोन्ही पक्षांचे तीन तीन विजय आणि एक सामना बरोबरींत. आठवा सामना २८ सप्टेंबर रोजीं मॉस्कोंत झाला. कॅनडांत त्या वेळीं दिवस होता, आणि शाळाशाळांतून धडे बंद ठेवून मुलांना दूरदर्शनसंचापुढें बसविलें होतें. मी मास्तर असल्यामुळें मला या गोष्टीचें विशेष वाटलें. आमच्या शाळेंत क्रिकेटची धावसंख्या ऐकण्यासाठीं शिपाई मागच्या दारानें जाई, पण अधिकृत परवानगी कधीं मिळाली नाहीं. ५-५ अशी बरोबरी असतांना, खेळ संपण्यास अवघे ३४ सेकंद उरले असतां हेंडरसननें गोल केला. त्याच्या अंगावर १९ क्रमांकाची जर्सी होती.

ती जर्सी त्यानें पुढें संघाच्या एका प्रशिक्षक-सहायकास देऊन टाकली. त्या काळीं कोणाला वाटावें, कीं या कापडाला मोल येईल! ती हातोहात फिरत एका अमेरिकन संग्राहकाकडे गेली, आणि २०१० सालीं लिलावांत निघाली तेव्हां बारा लाख अमेरिकन डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. घेणारा कॅनडांतलाच एक उद्योगपति होता, आणि त्यानें ती देशभर फिरवून लोकांस दाखविली. एका वस्त्रासाठीं लोक रांगा लावून उभे राहिले, हें ऐकून मला प्रथम हंसूं आलें. मग आपल्याकडे पादुकांसाठीं किती मोठी रांग लागते तें आठवलें आणि हंसूं आवरलें.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. २२ फेब्रुवारी १९८० रोजीं लेक प्लॅसिड येथील हिंवाळी ऑलिम्पिकांत अमेरिकेच्या कॉलेजांतल्या पोरांच्या संघानें सोव्हिएट संघाला ४-३ असें हरविलें. सोव्हिएट संघानें त्यापूर्वींचीं लागोपाठ चार सुवर्णपदकें जिंकलेलीं होतीं. विजयाचा गोल कर्णधार माइक इरुझिओनी यानें केला. त्यानें आपली ती पांढरी जर्सी तेहेतीस वर्षें घरांत ठेवली, आणि २०१३ सालीं लिलावांत काढली. तिला ६,५७,२५० डॉलर आले. पण यांतली गंमत पुढेंच आहे. रशियनांवरच्या विजयानें सुवर्णपदक मिळालें नव्हतें. तें मिळालें दोन दिवसांनीं फिनलंडला ४-२ असें हरविल्यावर. त्या सामन्यांत इरुझिओनीच्या अंगांत निळी जर्सी होती. तीही त्याच लिलावांत होती, आणि तिला पांढरीच्या निम्म्याहूनही कमी किंमत आली! पदक निळ्या जर्सींत मिळालें, पण लोकांच्या मनांत कथा पांढऱ्या जर्सीची. इतिहास शिकवितांना मलाही असाच अनुभव येई. तहाची तारीख कोणासही आठवत नसे, लढाईची सर्वांस पाठ असे.

पैशाच्या या गोष्टी सांगितल्या खऱ्या, परंतु माझ्या मनाला जी लागली ती निराळीच. १९६८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत सोव्हिएट संघाच्या आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियांत शिरल्या. पुढील वर्षाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्राग शहरीं व्हावयाची, ती स्टॉकहोमला हलविण्यांत आली. तेथें मार्च १९६९ मध्यें चेकोस्लोव्हाक संघानें सोव्हिएट संघाला एकदां नव्हे, दोनदां हरविलें. प्रथम २-० आणि मग २८ तारखेस ४-३. त्यांच्या जर्सीवर सिंहाचें राजचिन्ह असे, आणि १९६० पासून त्या सिंहाच्या मस्तकावर एक लाल तारा आला होता. यारोस्लाव्ह यिर्झीक या खेळाडूनें तो तारा काळ्या चिकटपट्टीनें झांकला, आणि आणखी कांहीं खेळाडूंनीं त्याचें अनुकरण केलें. काठीला गुंडाळण्याची ती साधी पट्टी! भाषण नाहीं, पत्रक नाहीं. बोटभर पट्टी छातीवर लावून हीं माणसें बर्फावर उतरलीं. तो विजय कळतांच प्रागच्या रस्त्यांवर लोकांचे लोंढे आले, सोव्हिएट विमान कंपनीचें कार्यालय फोडलें गेलें, आणि पुढच्याच महिन्यांत दुब्चेक यांना पक्षाचें मुख्य पद सोडावें लागलें.

आतां असें पाहा, कीं अशी पट्टी लावलेली जर्सी एखाद्या स्वच्छताप्रिय माणसाच्या हातीं पडली, आणि त्यानें ती पट्टी सोलून, गोंद पुसून, जर्सी धुऊन नीट घडी घालून ठेवली, तर काय उरेल? दुकानांत मिळते तशी एक जर्सी उरेल. मुलाचें तें "डागच विकत घेतले आहेत" हें वाक्य मला या ठिकाणीं पटलें.

जर्सीवर काय आहे याइतकेंच, काय नाहीं हेंही पाहण्यासारखें असतें. सोव्हिएट संघ १९९१ च्या अखेरीस विसर्जित झाला, आणि दोनच महिन्यांत आल्बेरव्हिल येथें हिंवाळी ऑलिम्पिक भरलें. खेळाडू तेच, शिक्षक तेच. पण देश उरला नव्हता. 'संयुक्त संघ' या नांवानें ते खेळले, छातीवरचीं ओळखीचीं चार अक्षरें गेलीं होतीं, आणि त्या कोऱ्या जर्सींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं प्यॉंगचांगला पुन्हां तसेंच. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळें रशियाच्या खेळाडूंना राष्ट्रचिन्ह लावण्याची मनाई होती, आणि त्यांनीं अंतिम सामन्यांत जर्मनीस ४-३ असें हरविलें. त्याच ऑलिम्पिकांत दोन्ही कोरियांच्या मुली एकाच संघांतून खेळल्या. सामने सर्व हरल्या, पण त्यांनीं केलेल्या पहिल्या गोलाची चकती टोरोंटोच्या हॉकी संग्रहालयांत जाऊन बसली. पूर्व जर्मनी, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, हे देश नकाशांतून गेले. माझ्या जुन्या भिंतीवरच्या नकाशांत आणि या संग्राहकांच्या कपाटांत मात्र ते आहेत.

आपल्या देशाचाही या खेळांत संघ आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. तो बहुतांशीं लडाखच्या मुलामुलींचा. मुलींचा संघ २०१६ सालीं तैपे येथें प्रथम परदेशीं खेळला, तेव्हां कित्येकींचें साहित्य उसनें होतें. आणि २०२५ सालीं आशिया चषकांत त्यांनीं कांस्यपदक आणलें. त्या पहिल्या वर्षाच्या जर्सी कोणीतरी आतांच जपून ठेवाव्यात. नंतर शोधावयास निघालें म्हणजे काय होतें, तें आतां सांगतों.

जेथें पैसा आहे तेथें लबाडी आलीच. बाजारांत तीन प्रकारच्या जर्सी असतात. पहिली दुकानांत सर्वांस मिळणारी नक्कल. दुसरी संघासाठीं खरोखर शिवलेली, पण खेळाडूनें कधीं न घातलेली. तिसरी खेळलेली. पहिलीची दुसरी करतां येत नाहीं, पण दुसरीची तिसरी करूं पाहणारे पुष्कळ. चकती घांसून काळे डाग पाडावे, कोपरे दगडावर झिजवावे, एखादें भोंक पाडून रफू करावें, कीं झाली खेळलेली! ही लबाडी ओळखण्याचा उपाय म्हणजे सामन्याचें छायाचित्र. जाळीदार कापडाला ओळीनें बारीक भोंकें असतात, आणि त्यावर पाठीचे आंकडे व नांवाची पट्टी शिवतात. शिवणारा माणूस असतो. प्रत्येक वेळीं आंकड्याची कड त्याच भोंकावर येत नाहीं. त्यामुळें आंकड्याचा कोपरा कोणत्या भोंकावर आहे, शिवणीपासून किती ओळींवर आहे, हें छायाचित्रांत स्पष्ट दिसलें तर तें माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखें असतें. रफूचें तसेंच. या कामांत मुरलेले लोक तासन् तास छायाचित्रें आणि जर्सी शेजारीं ठेवून बसतात.

आम्ही तेथें असतांनाच मुलानें चेकोस्लोव्हाक संघाची १९८० नंतरच्या दशकांतली एक लाल जर्सी घेतली. विकणाऱ्याचें नांव मी घेत नाहीं. किंमत मुलाच्या घराच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती, आणि ती सूनबाईंना पूर्ण सांगितलेली नव्हती. सोबत 'ही सामन्यांत घातलेली आहे' असें एक पत्र होतें. मुलगा दोन दिवस आनंदांत होता. मला उद्योग नव्हता; मीं त्याच्याजवळचें त्या खेळाडूचें एक मोठें छायाचित्र घेतलें, माझें भिंग घेतलें आणि जेवणाच्या मेजावर बसलों.

चाळीस वर्षें मीं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. नक्कल करणारा मुलगा शेजाऱ्याची चूकही उतरवून घेतो आणि म्हणून सांपडतो. येथें उलट झालें होतें. चूक उतरविलेली नव्हती. छायाचित्रांत पाठीवरचा एकाचा आंकडा किंचित् कललेला होता, जर्सीवर तो ओळंब्यांत सरळ. छायाचित्रांत खांद्याच्या शिवणीपासून आंकड्यापर्यंत भोंकांच्या सात ओळी, जर्सीवर नऊ. आणि दोन्ही कोपर सारखेच झिजलेले! जो माणूस नेहमीं एकाच बाजूनें काठी चालवितो, त्याचे दोन्ही कोपर सारखे कसे झिजतील?

मुलाला हें सांगणें मला जड गेलें. तो प्रथम रागावला. "बाबा, त्याच्याजवळ त्याच रंगाची दुसरीही असेल." हें म्हणणें वाजवी होतें, म्हणून आम्ही त्याच स्पर्धेंतल्या दुसऱ्या सामन्याचें छायाचित्र मिळविलें. त्यांतही आंकडा कललेलाच. विकणाऱ्यास लिहिलें, तर वस्तु आहे तशी विकली आहे, असें दोन ओळींचें उत्तर आलें.

खरा प्रसंग यानंतरचा. दुसऱ्या एका शहरांतील संग्राहकानें मुलाच्या यादींत ही जर्सी पाहिली आणि त्याच किंमतीस मागितली. पत्र घेऊन मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशीं माझ्याकडे न पाहतांच म्हणाला, "मलाही कोणी सांगितलें नव्हतें." मीं एवढेंच म्हणालों, "नव्हतें सांगितलें. तुला कसें वाटलें तें मीं पाहिलें आहे." अधिक बोललों नाहीं, मोठ्या मुलाला वर्गांतल्यासारखें बोलतां येत नाहीं. त्या दिवशीं आम्ही तिघेही जेवतांना हवामानाविषयींच बोललों. सूनबाईंना त्या सायंकाळीं किंमत कळली, त्यामुळें चवथें माणूस मुळींच बोललें नाहीं.

रात्रीं उशिरां त्याच्या खोलींत दिवा दिसला. त्यानें त्या गृहस्थास सर्व लिहिलें. दोन्ही छायाचित्रें, मीं मोजलेल्या ओळी, आणि वडिलांनीं मोजल्या असेंही. आठवडाभर उत्तर नाहीं. मग एक ओळ आली: आभार, त्याच विकणाऱ्याकडून घेतलेल्या माझ्याजवळच्या जर्सी मीं काल तपासावयास घेतल्या आहेत. त्यांतून काय निष्पन्न झालें, तें त्यानें पुढें कळविलें नाहीं, आणि आम्हीही विचारलें नाहीं.

ती जर्सी मुलानें कपाटांतून काढली. माझा नातू त्या वर्षीं नऊ वर्षांचा होता. घरामागच्या बागेंत पाणी ओतून तेथील लोक थंडींत बर्फाचें अंगण करतात, त्यावर तो शेजारच्या मुलांबरोबर खेळे. ती त्याला गुडघ्यापर्यंत येई. फेब्रुवारी संपेपर्यंत तिचा उजवा कोपर चांगलाच फाटला, आणि छातीवर चकतीचा एक शिक्का बसला. मग माझ्या पत्नीनें ती धुण्यासाठीं मागितली, आणि या वेळीं मुलानें ती निमूटपणें काढून दिली. यंत्रांतलें पाणी लाल झालें, आणि नातवाचे दोन पांढरे मोजे गुलाबी निघाले. त्यावर माझी पत्नी म्हणाली, "पहिल्याच दिवशीं मला धुवूं दिली असती, तर तुम्हां बापलेकांना भोंकें मोजावीं लागलीं नसतीं."